निळ्याच्या मागे बसलेली

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो बघा आणि सांगा, यात पक्षी किती आहेत? एक? अजून कुणी? बरं. आता डाव्या कोपऱ्यात गवतात बघा, एक शेपटी उभी दिसतेय. कुंपणाच्या तारेखाली दुसरा आहे. आणि त्या निळ्याच्या बरोब्बर मागे, फांदीच्या सावलीत, तिसरा. म्हणजे एकूण चार. हा फोटो मी २०१३ च्या ऑक्टोबरात इथेच, मेलबर्नच्या जेल्स पार्कमध्ये काढला आणि मोठा करून घरी भिंतीवर लावला. त्यात चार पक्षी आहेत हे मला जवळजवळ दोन वर्षांनी कळलं. निळ्या नराच्या डोळ्यावर फोकस अगदी नेमका लागला होता. त्या आनंदात बाकीच्या तिघांकडे लक्षच गेलं नाही.

आज मी बोलणार आहे ते त्या तिघांबद्दल.

हा पक्षी तुमच्या ओळखीचा आहे. व्हीलर्स हिल, ग्लेन वेव्हर्ली, रोव्हिल या भागात राहणाऱ्यांच्या तर मागच्या अंगणातसुद्धा येत असेल. सुपर्ब फेअरी-रेन. इथले जुने लोक नुसतं ‘ब्लू रेन’ म्हणतात. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत १४ सेंटीमीटर, आणि त्यातली सहाएक सेंटीमीटर नुसती शेपटी. वजन ८ ते १३ ग्रॅम. आपलं दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यावरून अंदाज करा. ॲडलेडपासून इकडे व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि वर क्वीन्सलंडच्या दक्षिण भागापर्यंत हा पक्षी आढळतो.

युरोपातल्या रेन पक्ष्याशी याचं काही नातं नाही. उभी शेपटी पाहून गोऱ्यांनी ते नाव दिलं. त्याच्याही आधी, १७७७ मध्ये, कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवर असलेल्या विल्यम अँडरसन यांना हा पक्षी टास्मानियात मिळाला. त्यांना तो आपल्याकडच्या धोबी पक्ष्याच्या जातकुळीतला वाटला, आणि त्यांनी नावही तसंच दिलं. सिडनीच्या परिसरातले मूळ रहिवासी, इओरा आणि धारुग लोक, याला मुरुदुविन म्हणत आले आहेत. जो तो आपल्या ओळखीच्या पाखरावरून अनोळखी पाखराकडे जातो. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा तर वटवट्या.”

वटवट्या म्हणायला कारण होतं. तिला दिसली होती ती मादी. मातकट अंग, उभी शेपटी, झुडपाच्या बुंध्याशी टुणटुण उड्या. साताऱ्याच्या आमच्या परसात राखी वटवट्या अगदी तसाच फिरतो. मी तिला म्हणाले, “थांब, खरा पक्षी अजून यायचाय.” हे वाक्य मला आज बोचतं. खरा पक्षी समोर होता आणि मी नराची वाट बघत होते.

आता निळ्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण सगळे कॅमेरा घेऊन जातो ते त्याच्यासाठी. डोकं, गाल आणि पाठीचा वरचा भाग चमकदार आकाशी, मानेवर आणि डोळ्यांवरून काळा पट्टा, गळा गडद निळा. हा निळा रंग पिसात घातलेला नसतो. मोराच्या पिसासारखीच यातही पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेची करामत आहे. केरॅटिन नावाचं प्रथिन आणि हवेचे कप्पे यांचं एक बारीक जाळं असतं, आणि त्यातून प्रकाश असा विखुरतो की आपल्याकडे निळाच परत येतो. असं निळं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळत नाही, मळकट भुकटी हाती लागते.

फोटो काढणाऱ्यांना याचा उपयोग आहे. भर उन्हात या नराचा फोटो काढला तर गालावरचा निळा जळून पांढरट होतो आणि काळा पट्टा नुसता डाग उरतो. म्हणून ढगाळ सकाळ निवडा, एक्स्पोजर थोडं खाली ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, निळा वेगळा तपासा. त्याच पिसांतून अतिनील प्रकाशही जोरात परावर्तित होतो. तो आपल्याला दिसत नाही, आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पक्ष्यांना दिसतो. तेव्हा कितीही महागाची लेन्स घेतली तरी मादीला जो नर दिसतो तो आपल्या फोटोत येत नाही. हे कळल्यावर मी निळ्यामागे धावणं बरंच कमी केलं.

आईकडे परत येते. तीन महिने होती ती. रोज सकाळी माझ्याबरोबर जेल्स पार्कला यायची, शाल पांघरून तळ्याजवळच्या बाकावर बसायची. तिच्याकडे कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. मी इकडून तिकडे नराच्या मागे, आणि ती एका जागी. आठवड्याभराने मला म्हणाली, “अगं, ती पण गातेय की. तुझा निळा गप्प आहे, आणि ही बघ.” मी म्हटलं, “आई, गातो तो नर.” ती म्हणाली, “मला तिची चोच हललेली दिसतेय.”

आई बरोबर होती. फेअरी-रेनची मादी गाते. आपली हद्द राखायला गाते, शेजारणीला बजावायला गाते. पक्ष्यांत गाणं म्हणजे नराचं काम, हा समज युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरून तयार झाला आणि जगभर पसरला. इथे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या नेओमी लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये दाखवलं की माद्यांचं गाणं सर्वत्र पसरलेलं आहे, आणि या सगळ्या पक्ष्यांच्या पूर्वजांतही मादी गात असावी. बाकावर बसलेल्या माझ्या आईला हे आठवड्यात दिसलं. मला दिसलं नाही, कारण मी व्ह्यूफाइंडरमधून निळा रंग शोधत होते.

अशीच चूक खूप लोकांनी खूप वर्षं केली. एक निळा आणि भोवती चार-पाच तपकिरी असं टोळकं पाहून लोक म्हणायचे, हा राजा आणि या त्याच्या राण्या. मग पक्षी-अभ्यासक इयन रोली यांनी कॅनबेऱ्याजवळ पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी अडकवली आणि एकेक पक्षी ओळखून वर्षानुवर्षं नोंदी केल्या. १९६५ मध्ये त्यांनी या पक्ष्याचं जीवनचरित्र प्रसिद्ध केलं. त्या तथाकथित राण्यांमधले बरेच जण नर निघाले. कुणी गेल्या वर्षी जन्मलेला मुलगा, कुणी विणीचा हंगाम संपल्यावर निळी पिसं उतरवलेला मोठा नर. मादी बहुतेक वेळा एकच.

ओळखायचं कसं? चोच बघा. मादीची चोच तांबूस, आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत शेंदरी-तांबडी छटा. तपकिरी अंगावर काळी चोच आणि निळी शेपटी दिसली तर तो नर. हा पुढचा फोटो जून महिन्यातला, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला. चार तपकिरी पक्षी आहेत, त्यांतले तीन नर. वयस्क नर, साधारण चार वर्षांच्या पुढचे, कधीकधी वर्षभर निळेच राहतात. बाकीचे हिवाळ्यात तपकिरी होतात आणि वसंताच्या तोंडावर पुन्हा निळे. जो ऐन थंडीतच, इतरांच्या कितीतरी आधी निळा होतो, त्याला माद्यांकडून फार मागणी असते. जुलैच्या कडाक्यात, खाणं कमी असताना, उठून दिसणारा रंग अंगावर बाळगून जगून दाखवायचं, हे सोपं काम नाही.

यांचं घर कसं चालतं तेही सांगते. एक जोडी, आणि बहुतेक वेळा बरोबर एक-दोन किंवा अधिक मदतनीस. ते धाकटे नर असतात. घरट्यातल्या पिल्लांना भरवतात, धोका दिसला की ओरडतात, हद्दीवर पहारा देतात. मुलगे घरी राहतात आणि मुली जातात. वर्षाची होण्याआधीच मुलीला हद्द सोडावी लागते, आणि तिला हुसकावणारी तिची आईच असते. हे ऐकून माझी आई बराच वेळ काही बोलली नाही.

आणि तरीही ही जोडी म्हणजे संसाराची शेवटची गोष्ट नव्हे. कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल बोटॅनिक गार्डन्समध्ये, ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी, अँड्र्यू कॉकबर्न आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून या पक्ष्यांचा अभ्यास करत आले. तिथल्या पिल्लांची आनुवंशिक तपासणी झाली तेव्हा कळलं की सुमारे तीन चतुर्थांश पिल्लांचा बाप घरातला नर नाहीच. मग प्रश्न आला, हे घडतं कधी? दिवसभर माणसं दुर्बिणी घेऊन बसलेली असताना कुणालाच कसं दिसलं नाही? माद्यांच्या पाठीवर इवलेसे रेडिओ-ट्रान्समीटर बसवून पाहिलं, तेव्हा उत्तर मिळालं. मादी पहाटे, उजाडायच्या आधी, अंधारात आपली हद्द ओलांडते, दोन-चार हद्दींपलीकडच्या तिने निवडलेल्या नराकडे जाते आणि उजाडेपर्यंत परत येते. तो नर त्या अंधारात गात असतो. त्याच्या निळ्याचा त्या वेळी काय उपयोग? तिने त्याला आधीच, महिनोन्महिने, उजेडात पाहून ठेवलेलं असतं.

मी छायाचित्रकारांच्या गटात हे सांगते तेव्हा मला वाटतं, या पक्ष्याच्या आयुष्यातली सगळ्यात निर्णायक घटना फोटो काढताच येणार नाही अशा वेळी घडते, आणि ती घडवते ती तपकिरी.

आता हा फोटो. असे फोटो तुम्ही खूप पाहिले असतील. चोचीत पिवळी पाकळी घेतलेला निळा नर. याखाली हमखास लिहिलेलं असतं की तो बायकोसाठी फूल घेऊन चाललाय. पाकळी खरी, पण ती बहुतेक वेळा घरच्या मादीसाठी नसते. तो शेजारच्या हद्दीत शिरतो, तिथल्या मादीसमोर पाकळी धरतो, गालाची पिसं पंख्यासारखी फुलवतो, अंग वळवून दाखवतो आणि परत येतो. मादी बहुतेक वेळा काहीच करत नाही. बघून घेते. माझ्या या फोटोत ती उजवीकडे आहे, फ्रेमच्या कडेला अर्धी कापलेली. आता असा प्रसंग मिळाला तर मी कॅमेरा तिच्याकडे वळवेन.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते अंड्यांबद्दल. घरटं म्हणजे गवताचा, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेला एक घुमट, बाजूला दार, बहुतेक वेळा जमिनीपासून मीटरभराच्या आत. एका खेपेला तीन-चार अंडी. अंडी एकटी मादी उबवते, साधारण दोन आठवडे. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसा इथे हॉर्सफिल्ड्स ब्रॉन्झ-ककू आहे. त्याचं पिल्लू आधी फुटतं आणि घरच्या अंड्यांना, पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं. मग आईबाप त्या परक्यालाच भरवत बसतात. पण फेअरी-रेनची मादी दर वेळी फसत नाही. लँगमोर यांच्या अभ्यासात या ककूच्या सुमारे ४० टक्के पिल्लांना माद्यांनी सोडून दिल्याचं दिसलं.

तिला ओळख कशी पटते, याचा एक धागा २०१२ मध्ये हाती आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या डियान कोलोंबेली-नेग्रेल आणि सोनिया क्लाइनडॉर्फर यांच्या चमूने घरट्यांत मायक्रोफोन ठेवले होते. त्यांना ऐकू आलं की उबवणीचे शेवटचे काही दिवस मादी अंड्यांवर बसून एक विशिष्ट हाक घालते. प्रत्येक मादीची हाक वेगळी. पिल्लं फुटल्यावर भुकेसाठी जी हाक मारतात, तीत आईच्या त्या हाकेतला एक सूर असतो. अंडी एका घरट्यातून दुसऱ्यात बदलून पाहिली. पिल्लांनी ज्या मादीखाली उबली तिचा सूर उचलला, जन्मदात्रीचा नाही. म्हणजे हे रक्तातून आलेलं नाही, शिकलेलं आहे. कवचाच्या आत. ककूचं अंडं लवकर फुटतं, त्याला शिकायला पुरेसा वेळच मिळत नाही. त्याच्या हाकेत तो सूर नसतो, आणि मादीला ते कळतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. आईला फोन केला, साताऱ्यात संध्याकाळ होती. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मी पण तुझ्याशी बोलायचे, सातव्या महिन्यापासून.”

घरट्याचा विषय आलाच आहे तर माझ्या हातून घडलेलं एक सांगते, कारण इथे कॅमेरावाले बरेच आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात मला टी-ट्रीच्या झुडपाशेजारी लोमँड्राच्या गवतात एक घरटं सापडलं. दारासमोर गवताच्या तीन काड्या आडव्या येत होत्या. मी त्या बाजूला वाकवल्या, दहा मिनिटं थांबले, भरवणीचे सुंदर फोटो घेतले आणि घरी आले. काड्या पुन्हा सरळ केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं होतं. आत काही नव्हतं. वर युकॅलिप्टसवर कुरावाँग, म्हणजे इथला कावळ्यासारखा मोठा काळा पक्षी, बसला होता. त्यानेच नेलं असं मी म्हणू शकत नाही, मी पाहिलं नाही. पण कुरावाँग माणसावर नजर ठेवतो, माणूस कुठे वाकतो ते बघतो, हे मी नंतर कितीतरी वेळा पाहिलंय. ते फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत, आजही दाखवणार नाही. तेव्हापासून घरट्याचा फोटो मी काढत नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत ती हाक ऐकून नर-मादी अंडी, पिल्लं सोडून भांडायला येतात.

पिल्लांजवळ धोका आला की हे पक्षी काय करतात तेही पाहण्यासारखं असतं. मान आणि शेपटी खाली घालतात, पंख थोडे बाहेर, अंगाची पिसं फुगवलेली, आणि गवतातून सुसाट पळतात. हुबेहूब उंदीर. शिकारी त्या ‘उंदरा’मागे जातो. हे तुमच्यासमोर घडलं तर समजा की शिकारी तुम्ही आहात. फोटो न काढता आल्या पावली मागे फिरा.

यांच्या कानाबद्दल दोन शब्द. फेअरी-रेन फक्त स्वतःच्या जातीचा इशारा ऐकत नाहीत. हनीईटर, स्क्रबरेन अशा शेजाऱ्यांनी धोक्याची हाक दिली तरी जाळीत शिरतात. रॉबर्ट मॅग्रॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनबेऱ्यात पूर्वी कधी न ऐकलेले आवाज ओळखीच्या इशाऱ्यांबरोबर ऐकवले. थोड्याच दिवसांत हे पक्षी त्या नव्या आवाजालाही घाबरून पळू लागले. शिकारी प्रत्यक्ष न दाखवता, नुसतं ऐकवून. तुम्ही बागेत शिरता तेव्हा तुमच्या आधी तुमची बातमी पोचलेली असते. म्हणून बसा. वीस मिनिटं एका जागी बसलात की इशारे थांबतात आणि पक्षी पायाशी येतात.

जागा निवडताना जाळी आणि मोकळं गवत यांची शीव शोधा. दाट झुडूप लपायला, त्याच्या कडेला आखूड गवत किडे टिपायला. ती जाळी कधी ब्लॅकबेरीची असते, सिडनीकडे लँटानाची, म्हणजे आपल्या घाणेरीचीसुद्धा असते. दोन्ही झाडं परकी, काढायला हवीत, पण एका दमात सगळी साफ केली तर या पक्ष्याला दुसऱ्या दिवशी लपायला जागा उरत नाही. तुकड्यातुकड्याने काढा, मध्ये देशी झुडपं वाढू द्या. कौन्सिलच्या वृक्षारोपणाला जाणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावं. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी ते घरात ठेवावं. मी मांजरप्रेमी आहे, तरी सांगते.

मागून एका काकूंनी विचारलंय, कॅमेरा कुठला घेऊ. काकू, १०० ते ४०० मिलिमीटरची कुठलीही लेन्स चालेल, जवळून फोकस होणारी बघा, कारण हे पक्षी तुमच्या बुटापाशी येतात. शटर १/१६०० च्या वर ठेवा, ते क्षणभर स्थिर नसतात. बिनआवाजाचं शटर असेल तर तेच वापरा. आणि जमिनीवर बसा, खाली चटई घ्या. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त पाठ येते.

२०२१ मध्ये हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा ‘बर्ड ऑफ द इयर’ म्हणून निवडला गेला. अगदी थोड्या मतांनी टॉनी फ्रॉगमाउथ या घुबडासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याला मागे टाकलं. त्या आठवड्यात बातम्यांमधून मी जेवढे फोटो पाहिले ते जवळजवळ सगळे निळ्याचे. मी माझा एक पाठवला होता, हा बघा, शेवटचा. टी-ट्रीच्या काटकीवर मादी, चोच पूर्ण उघडी, गळा फुगलेला, डोळ्यापाशी ती शेंदरी छटा. नर मागे आहे, फोकसच्या बाहेर, निळा पुंजका. तो फोटो कुठे छापून आला नाही. घरी भिंतीवर जुन्याच्या जागी आता तो आहे, आणि साताऱ्यात आईच्या देवघराशेजारी त्याची दुसरी प्रत.

उद्या रविवार आहे. आठ वाजता जेल्स पार्कच्या कारपार्कमध्ये भेटूया. कॅमेरे आणा, पण पहिला अर्धा तास ते गाडीत राहू देत. तळ्याजवळच्या बाकापासून सुरुवात करू. तिथे आत्ता एका मादीने घरटं बांधायला घेतलंय, ती चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन फेऱ्या मारतेय. घरटं कुठे आहे ते मी दाखवणार नाही. फेऱ्या दाखवेन.